एसडी-वॅन घ्या, पण आधी खांबापर्यंत चालत जा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत मुख्य ऑफिस, भिवंडीला गोदाम, आणि सांगली, कराड, सोलापूर, लातूर, नाशिक, रत्नागिरी, कुडाळ, म्हापसा धरून बारा शाखा. हिशोबाची टॅली मुख्य ऑफिसच्या सर्व्हरवर, बाकी सगळे रिमोट डेस्कटॉपने (दुरून त्याच सर्व्हरचा पडदा उघडून) त्यात शिरतात. आठ ठिकाणी ४ एमबीपीएसची एमपीएलएस (टेलिकॉम कंपनीची खाजगी लाइन), उरलेल्या सहा ठिकाणी साधं ब्रॉडबँड आणि राउटरवर हाताने बांधलेलं व्हीपीएन (इंटरनेटवरून ऑफिसं जोडणारी कुलूपबंद वाट). विक्रेता म्हणतो, एमपीएलएस काढा, एसडी-वॅन (शाखेतल्या सगळ्या लाइनी एका पेटीतून चालवणारी व्यवस्था) घ्या, खर्च निम्मा होईल आणि लाइन कधी पडणार नाही. घ्यावं का?

घ्या. चौदा ठिकाणांच्या धंद्याला ते लागू पडतं. फक्त ‘लाइन पडणार नाही’ हे वाक्य सोडून द्या आणि ‘खर्च निम्मा’ हे कागदावर मांडून मागा. गेली वीस-बावीस वर्षं मी शाखांच्या लाइनी जोडण्याचंच काम करतोय. एसडी-वॅनच्या पेटीमुळे काम अडलं असं मोजक्या वेळा झालं. पेटीत शिरणाऱ्या वायरीमुळे मात्र दर पावसाळ्यात होतं.

एमपीएलएसमध्ये टेलिकॉम कंपनी तुम्हाला स्वतःच्या जाळ्यातून खाजगी वाट देते. पॅकेटवर (डेटाच्या तुकड्यावर) लेबल लावून ते ठरल्या मार्गाने नेते, कॉलला आणि टॅलीला वेगळं प्राधान्य देते आणि लाइन किती टक्के वेळ चालू राहील ते करारात लिहून देते. तुम्ही जास्तीचे पैसे भरता ते या लिहून देण्याचे. एसडी-वॅन उलट्या टोकाने सुरू होतं. शाखेत मिळेल ती लाइन घ्या: फायबर, सिम, जुनी एमपीएलएस, काहीही. पेटी त्या प्रत्येक लाइनवरून मुख्य ऑफिसपर्यंत एनक्रिप्टेड टनेल (बाहेरच्याला वाचता न येणारी वाट) बांधते, त्यातून सतत छोटी पॅकेट सोडून किती हरवली, किती उशिरा पोचली, किती अनियमित पोचली ते मोजते, आणि त्यावरून टॅली कुठून न्यायची, कॉल कुठून, सीसीटीव्ही कुठून हे ठरवते. नियम एकाच जागी लिहायचे, चौदा पेट्या ते उचलतात. कुडाळला माल निघालाय आणि आंबोलीत दरड आली, तर तुम्ही ड्रायव्हरला फोन करून फोंडा घाट धरायला सांगता, तसंच हे. पण त्यासाठी घाट दोन असावे लागतात.

आणि दोन बिलं येतात म्हणजे घाट दोन आहेत असं नसतं. एका तालुक्याच्या गावी मी एका ग्राहकाला दोन वेगवेगळ्या कंपन्यांची फायबर घ्यायला लावली होती. पेटी बसली, फेलओव्हर (एक लाइन पडली की दुसरीवर जाणं) दाखवला, चहा झाला. ऊसतोडीचा हंगाम सुरू झाल्यावर एका संध्याकाळी टोकापर्यंत लादलेली उसाची ट्रॉली चौकातून वळली आणि लोंबकळणारी केबल ओढत पुढे गेली. दोन्ही लाइनी एका क्षणात गेल्या. दुसऱ्या दिवशी जाऊन खांबाखाली उभा राहिलो तेव्हा कळलं की दुसऱ्या कंपनीचं त्या गावात स्वतःचं काहीच नव्हतं. शेवटचा दीड किलोमीटर तिने स्थानिक केबलवाल्याकडून घेतला होता, आणि पहिल्या कंपनीनेही त्याच्याकडूनच. दोन काळ्या वायरी एकाच तारेला एकाच क्लिपने बांधलेल्या होत्या. चूक माझीच. नकाशा मी ऑफिसात बसून काढला होता.

यामागचं गणित साधं आहे. एक लाइन ९९ टक्के वेळ चालते असं धरलं तर वर्षात साडेतीन दिवसांहून जास्त वेळ ती बंद असते. अशा दोन लाइनी खरोखर स्वतंत्र असतील, तर दोन्ही एकदम बंद असण्याचा काळ वर्षाला साधारण ५३ मिनिटांवर येतो. एसडी-वॅनची सगळी जादू या ‘खरोखर स्वतंत्र’मध्ये आहे. खांब एक, खड्डा एक, पूल एक असेल तर तुम्ही पुन्हा साडेतीन दिवसांवर येता, आणि त्यात पेटीच्या लायसन्सचे पैसे वरून.

म्हणून कोटेशनवर सही करण्याआधी प्रत्येक शाखेत कोणालातरी दुकानाबाहेर काढा आणि वायर कुठे जाते ते डोळ्यांनी बघत पुढच्या डब्यापर्यंत चालायला सांगा. फोटो मागवा. सेल्सवाल्याला विचारू नका, स्प्लायसिंगला (तुटलेली फायबर जोडायला) येणाऱ्या पोराला विचारा. त्याला सगळं माहीत असतं आणि तो सांगतोही. दोन्ही लाइनींवरून मुख्य ऑफिसकडे ट्रेसराउट (पॅकेट कोणकोणत्या टप्प्यांतून जातं त्याची यादी) काढून बघा. तिसऱ्या-चौथ्या टप्प्यावर दोन्हीकडे तीच नावं, तेच पत्ते दिसायला लागले तर समजा, वरचं दुकानही एकच आहे. लहान गावात खरी दुसरी फायबर मिळतच नसेल तर मिळाल्याचं नाटक करू नका. एक चांगली फायबर आणि एक ४जी किंवा ५जी सिम घ्या. सिमचा वेग कमी-जास्त होईल, पण ते उसाच्या ट्रॉलीला लागत नाही.

सिमचा दुसरा फायदा विजेचा आहे. तुमच्या शाखेत कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर असतात, पण भिंतीवरचा तो पांढरा ओएनटी (फायबर जिथे येऊन जोडते ती डबी) बहुतेक वेळा बोर्डाच्या साध्या प्लगवर असतो, कारण लाइन जोडणाऱ्याला तोच प्लग जवळ सापडला. लाईट गेली की कॉम्प्युटर चालू, पेटी चालू, ओएनटी बंद. मी नव्या शाखेत गेलो की मेन स्विच पाडून बघतो, कोणता दिवा विझतो ते. ओएनटी आणि पेटीला स्वतःचा छोटा यूपीएस द्या. हे काही हजारांचं काम आहे आणि लाखांच्या लायसन्सपेक्षा जास्त उपयोगी पडतं. एवढं करूनही रस्त्यावरचा स्थानिक ऑपरेटरचा डबा त्याच्या बॅटरीवर चालतो, आणि ती तास-दोन तासांत मान टाकते. मोबाइलच्या टॉवरला निदान मोठी बॅटरी, बऱ्याच ठिकाणी डिझेल असतं.

आता पेटी खरी कुठे कमावते ते. लाइन पूर्ण मेली तर साधा दोन-पोर्टचा राउटरही दुसऱ्या लाइनवर जातो, त्यासाठी एसडी-वॅन नको. त्रास देते ती अर्धमेली लाइन. संध्याकाळी सहा वाजता, सगळं गाव मोबाइलवर असताना, लाइन ‘अप’ दिसते, पिंग (चाचणीचं छोटं पॅकेट) जातं, पण शंभरातली तीन पॅकेट हरवतात. रिमोट डेस्कटॉपवर माउस रबरासारखा ओढला जातो, अक्षर टाइप केल्यावर दोन सेकंदांनी उमटतं, माणूस वैतागून एंटर दोनदा दाबतो आणि बिल दोनदा तयार होतं. साध्या राउटरच्या लेखी सगळं ठीक असतं. तुमची उलाढाल पाच कोटींच्या वर असणार, म्हणजे १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस (बिल सरकारी पोर्टलवर नोंदवून क्यूआर कोड घेणं) सक्तीचं. क्यूआर कोडशिवाय बिल नाही, बिलाशिवाय ई-वे बिल नाही, आणि दारात भरलेली गाडी उभी. एसडी-वॅन ही अर्धमेली अवस्था मोजून ओळखतं आणि टॅली दुसऱ्या टनेलवर सरकवतं. आतले आयपी पत्ते तेच राहतात, त्यामुळे रिमोट डेस्कटॉपचं सेशन तुटत नाही; बसलेल्या माणसाला कळतही नाही.

पण किती वेळात? हे विक्रेत्याला नक्की विचारा, कारण माहितीपत्रकात ‘तात्काळ’ लिहिलेलं असतं. सिस्कोने २०१७ मध्ये एसडी-वॅन बनवणारी विप्टेला विकत घेतली; त्या घराण्यातल्या पेट्यांमध्ये लाइन पूर्ण मेल्याचं काही सेकंदांत कळतं. गुणवत्तेची सरासरी मात्र मूळ सेटिंगप्रमाणे दहा-दहा मिनिटांच्या सहा कप्प्यांत काढली जाते. म्हणजे लाइन सडत असताना निर्णय व्हायला दहा मिनिटांपासून तासाभरापर्यंत. हे बदलता येतं, पण फार कमी केलं तर वाहतूक इकडून तिकडे उड्या मारत राहते, आणि ते जास्त वाईट. इतर कंपन्यांच्या पेट्यांत आकडे वेगळे, प्रश्न तोच.

पायलटच्या (एक-दोन शाखांतल्या चाचणीच्या) वेळी विक्रेता केबल उपटून दाखवेल. ते बघून टाळ्या वाजवू नका. जुना लॅपटॉप घ्या, त्याला दुसरं नेटवर्क कार्ड लावा, लिनक्स टाका, ओएनटी आणि पेटी यांच्यामध्ये ठेवा आणि नेटएमने (लाइन मुद्दाम बिघडवणारं लिनक्समधलं साधन) ३ टक्के लॉस आणि ८० मिलिसेकंदांचा उशीर घाला. शेजारी टॅलीवर तुमचा रोजचा माणूस बसवा, इंजिनीअर नको. तो कधी वैतागतो आणि पेटी कधी हलते, यातलं अंतर घड्याळावर लिहा. मी हे केल्यावर एका विक्रेत्याने दोन दिवस मागून घेतले, सेटिंग बदललं आणि मग ते जमलं. त्यात त्याचा दोष नव्हता. तोवर कोणी विचारलंच नव्हतं.

एक गोष्ट मात्र उलटी होते. जीएसटी पोर्टल, बँकेची साइट, ऑफिस ३६५ यांची वाहतूक मुख्य ऑफिसला वळसा न घालता शाखेतूनच थेट बाहेर सोडणं शहाणपणाचं आहे; मायक्रोसॉफ्टही तेच सुचवतं. पण अशा थेट वाहतुकीची लाइन मध्येच बदलली की बाहेरून दिसणारा पब्लिक आयपी बदलतो, बँकेला वाटतं माणूस बदलला, आणि ती लॉगआउट करते. आरटीजीएस भरता भरता तिसऱ्यांदा बाहेर फेकल्या गेलेल्या अकाउंटंटचा फोन मी घेतलेला आहे. बँक आणि सरकारी पोर्टलं एकाच लाइनला खिळवून ठेवा. ती लाइन मेली तरच हलवा. आणि शाखेतून थेट इंटरनेट सोडलंत की शाखेला फायरवॉलही लागतो. आतापर्यंत मुख्य ऑफिसचा एक दरवाजा सांभाळत होता, आता चौदा दरवाजे झाले. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे लॉग (यंत्रांच्या नोंदी) १८० दिवस ठेवायचे असतात आणि सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायची असते. तेव्हा सगळ्या पेट्यांचे लॉग एका जागी येतील आणि सगळ्यांची घड्याळं जुळलेली असतील, हे पहिल्याच दिवशी लावून घ्या. नंतर कोणी लावत नाही.

तुमच्याकडे सिम येणार आहेत म्हणून हिशोबाची एक गोष्ट सांगतो. विक्रेत्यांना ‘फुल मेश’ दाखवायला आवडतं, प्रत्येक शाखेतून प्रत्येक शाखेला थेट टनेल. चौदा ठिकाणं, प्रत्येकी दोन लाइनी. तुमच्या कुडाळच्या सिमवरून इतर तेरा ठिकाणच्या दोन-दोन लाइनींना मिळून २६ टनेल. प्रत्येक टनेलमध्ये सेकंदाला एक तपासणीचं पॅकेट, साधारण १३० बाइटचं, जाताना एक आणि येताना एक. म्हणजे एका टनेलला दिवसाला २२ एमबी. २६ टनेलना ५८० एमबीच्या आसपास, महिन्याला १७ जीबी. आणि यात टॅलीचं एक अक्षरही गेलेलं नाही! सांगलीच्या शाखेला लातूरच्या शाखेशी थेट बोलायचं कामच काय? सगळ्यांना शिरोलीशी बोलायचंय. हब-आणि-स्पोक (मुख्य ऑफिस हा हब, सगळ्या शाखा फक्त त्यालाच जोडलेल्या) ठेवा, सिमला ‘शेवटचा पर्याय’ म्हणून बांधा आणि त्यावरची तपासणी विरळ करा. शिवाय सिमवर बहुतेक वेळा स्वतःचा पब्लिक आयपी मिळत नाही, कंपनी शेकडो ग्राहकांना एका पत्त्यामागे बसवते. शाखेतून मुख्य ऑफिसकडे जाणारं टनेल त्यातूनही उठतं, पण सिम ते सिम थेट टनेल पुष्कळदा उठतच नाही. हब-आणि-स्पोकमध्ये हा प्रश्न येत नाही.

पॅकेटच्या मापाचाही एक जुना काटा आहे, पटकन सांगतो. घरगुती पद्धतीच्या ब्रॉडबँडवर पीपीपीओई (लॉगिन करून जोडण्याची पद्धत) असतं, तिथे १५०० बाइटऐवजी १४९२ मिळतात. त्यावर टनेलचं वेष्टन पन्नास-ऐंशी बाइट खातं. हे कोणी जुळवलं नाही तर पिंग जातं, लॉगिनचा पडदा येतो, आणि मोठा रिपोर्ट उघडला की सगळं गोठतं. लोक आठवडाभर सर्व्हरला शिव्या घालतात. टीसीपीचा एमएसएस (एका पॅकेटमधल्या मजकुराचं कमाल माप) १३५०च्या आसपास बांधला की सुटतं.

आता शिरोली. माझ्या मते तुमचा सगळ्यात मोठा धोका एकाही शाखेत नाही, हबमध्ये आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही पुरांत पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर चढलं आणि वाहतूक थांबली, हे तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलंय. सर्व्हर पहिल्या मजल्यावर कोरडा असेलही, पण वीज नाही, डिझेल आणायला रस्ता नाही, स्प्लायसिंगची गाडी पोचत नाही. तेव्हा नाशिकच्या शाखेत तीन लाइनी असून काय करणार? एमपीएलएस काढून वाचणारे पैसे शाखांवर उधळण्याआधी मुख्य ऑफिसला दोन वेगळ्या दिशांनी येणाऱ्या दोन लीज लाइनी (फक्त तुमच्यासाठी राखीव) घ्या, स्टॅटिक म्हणजे न बदलणाऱ्या आयपीसह, आणि टॅलीचा सर्व्हर पुण्या-मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये किंवा क्लाउडवर हलवण्याचा विचार याच टप्प्यात करा. ॲमेझॉनचा मुंबईचा विभाग २०१६ पासून आहे, मायक्रोसॉफ्टचा पुण्यातला २०१५ पासून. अंतराचा प्रश्न उरलेला नाही. सर्व्हर तिथे गेला की हबही तिथे जाईल आणि शिरोली ही चौदातली एक शाखा होईल. एसडी-वॅनमध्ये हब हलवणं हे हाताने बांधलेल्या व्हीपीएनपेक्षा खूपच सोपं असतं. विक्रेत्याने हा मुद्दा का काढला नाही कोण जाणे, त्याची विक्री तर वाढली असती.

खर्चाबद्दल. निम्मा होणार नाही. प्रत्येक ठिकाणी दोन लाइनी, सिम, पेटी, यूपीएस आणि पेटीचं वार्षिक लायसन्स मिळून तुम्ही आजच्या बिलाच्या आसपासच याल. फरक असा की त्याच पैशात ४ एमबीपीएसच्या जागी १०० मिळतील आणि आज व्हीपीएनवर लटकणाऱ्या सहा शाखाही रांगेत येतील. लायसन्सची ओळ नीट वाचा. वेगावर आहे की पेटीवर? तीन वर्षांनी संपलं तर पेटी नुसती नवे नियम घ्यायचं थांबवते, की वाहतूकच बंद करते? दोन्ही प्रकार बाजारात आहेत. माहितीपत्रकातला मोठा आकडा साध्या वाहतुकीचा असतो. एनक्रिप्शन आणि फायरवॉल दोन्ही चालू असताना किती जातं तो आकडा मागा. सगळ्या पेट्यांना नियम पाठवणारा कंट्रोलर क्लाउडवर असतो. तो दिसेनासा झाला तर चालू टनेल किती वेळ तग धरतात हेही विचारा. काहींत मूळ सेटिंग बारा तासांचं असतं, तेवढं पुरतं.

कंपनी कोणाची, हेही बघून ठेवा. एसडी-वॅन बनवणारी व्हेलोक्लाउड २०१७ मध्ये व्हीएमवेअरने घेतली, व्हीएमवेअर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमकडे गेली, आणि २०२५ मध्ये व्हेलोक्लाउड अरिस्टाला विकली गेली. तशीच दुसरी, सिल्व्हर पीक, २०२० मध्ये एचपीईच्या अरुबाकडे गेली. एका पेटीच्या आयुष्यात मालक दोनदा बदलू शकतो, आणि मालकाबरोबर लायसन्सचे दरही. त्यामुळे पाच वर्षांचा एकत्र करार स्वस्त दिसला तरी मी तीनच वर्षांचा करतो. कोल्हापुरात त्या पेटीचा जाणकार माणूस आणि एक सुटी पेटी कपाटात असेल, तर ब्रँड कोणता याची मला फारशी फिकीर नसते.

तुमच्याऐवजी तीन-चार दुकानांच्या माणसाने हे विचारलं असतं तर मी नको म्हणालो असतो. चार ठिकाणी बरा राउटर, दोन लाइनी आणि साधं आयपीसेक (राउटरवर बांधायचं एनक्रिप्टेड व्हीपीएन) पुरतं. सेटिंगच्या चार फाइली हाताने सांभाळता येतात. चौदा ठिकाणी माणूस एक पासवर्ड बदलतो आणि तेरावा विसरतो.

पायलट कुडाळ आणि लातूरला करा, जूनच्या आधी पेट्या बसवून. कोकणातला पाऊस आणि मराठवाड्यातली वीज, दोन्ही परीक्षा होतील. गणपतीपर्यंत टिकलं तर बाकीच्या ठिकाणी जा. तोवर एमपीएलएस काढू नका, तिसरी लाइन म्हणून त्याच पेटीत घुसवा. मुख्य ऑफिस आणि भिवंडीची तर करार संपेपर्यंत राहू दे. आणि तो करार आजच बाहेर काढा. नोटीस तीस दिवसांची की नव्वद, ईमेल चालतो की पत्र, आणि पत्र कोणत्या पत्त्यावर, ते वाचा. आमची एक नोटीस स्थानिक ऑफिसला पोचली होती, करारात दुसऱ्या शहरातला पत्ता होता. उपटून ठेवलेल्या लाइनीचं तीन महिन्यांचं बिल भरलं आम्ही.